उबेची साक्षांकित प्रत

ज्या गृहस्थाने सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकाही अर्जदाराचे काम पहिल्या फेरीत होऊ दिले नव्हते, त्याने एका रविवारी सकाळी भर बाजारात, एकही कागद न दाखवता, सहा जीव विकत घेतले आणि पिशवीत घालून घरी आणले. यातला विरोधाभास त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आला नाही. त्या गृहस्थाच्या तर नाहीच नाही.

नगरपालिकेच्या परवाना विभागात ते मुख्य लिपिक होते. आईवडिलांनी ठेवलेले नाव सेवापुस्तकात असेलही, पण गाव त्यांना पूर्तताराव म्हणत असे. 'कागदपत्रांची पूर्तता करून या' हे वाक्य ते इतक्या शांतपणे उच्चारत, की ऐकणाऱ्याला क्षणभर आशीर्वाद मिळाल्यासारखे वाटे. एका न्हाव्याला दुकानावर पाटी लावायची होती. त्याच्याकडून त्यांनी पाटीमागची भिंत अस्तित्वात असल्याचा दाखला मागितला होता, आणि तो दाखला येईपर्यंत भिंत पडली होती. पूर्ततारावांनी हा आपल्या दूरदृष्टीचा पुरावा मानला. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांविषयी त्यांना मनस्वी तिटकारा होता. तहान लागण्यापूर्वी विहिरीची फाईल उघडलेली असावी, हे त्यांचे तत्त्वज्ञान. फाईल उघडली म्हणजे पाणी लागले, हा त्याचा उत्तरार्ध.

त्या रविवारी ते चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला गेले होते. सोबत नऊ वर्षांची मुलगी होती. घड्याळवाला आणि बादल्यावाला यांच्या मधल्या अरुंद जागेत एक माणूस टोपली घेऊन बसला होता, आणि टोपलीत गुलाबी, हिरवी, नारिंगी अशी कोंबडीची पिल्ले किलबिलत होती. निसर्गाने त्यांना पिवळा रंग दिला होता. परंतु निसर्गाला बाजारातले काही कळत नाही.

"बाबा, घेऊ या ना."

"आणि यांचं करायचं काय?"

"वाढवायचं!"

"काही करावं लागत नाही साहेब," पिल्लेवाला म्हणाला. "आपोआप वाढतात. सगळ्या कोंबड्या आहेत. पाच महिन्यांत अंडी मोजायला बसाल."

"एकही कोंबडा नाही?"

"शपथेवर सांगतो."

शपथपत्रांच्या गठ्ठ्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला 'शपथेवर' हा शब्द फार भिडतो. पूर्तताराव विरघळले. सवयीने त्यांचा हात छातीच्या खिशाकडे गेला. तिथे ओळखपत्राच्या दोन प्रती आणि स्वतःची तीन छायाचित्रे सदैव तयार असत.

"बरं, आमच्याकडून काय काय लागेल?"

पिल्लेवाल्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "पिशवी आहे का?"

पिशवी होती. जाड कापडाची, दोन बंदांची. पूर्तताराव पिशवीशिवाय कधी घराबाहेर पडत नसत, आणि आपल्या सावधपणाचे असे रोकडे चीज झालेले पाहून त्यांची मान ताठ झाली. ज्या गावात सायकलला दिवा नसला तर दंड होतो, वाचनालयातून एक कादंबरी घरी न्यायची तर दोन जामीनदार लागतात (आणि कादंबरी काही उपाशी मरत नाही), त्या गावात सहा धडधडती काळजे घरी नेण्यासाठी लागणारी एकमेव पात्रता म्हणजे पिशवी. ती पूर्ततारावांनी विशेष प्रावीण्यासह सिद्ध केली.

घरी दार पत्नीने उघडले. ती शाळेत गणित शिकवीत असे आणि संसारातही उत्तराआधी रीत विचारीत असे.

"अहो, हे काय आणलंत?"

"पिल्लं."

"ते ऐकू येतंय. ठेवणार कुठं?"

"त्याची व्यवस्था करण्यात येईल."

या वाक्यात कर्ता नाही, हे गणिताच्या शिक्षिकेच्याही ध्यानात आले. ती आत गेली आणि बुटांचे एक रिकामे खोके आणून मुलीच्या हाती दिले. त्या घरात पिल्लांसाठी झालेली पहिली आणि बराच काळ एकमेव अशी खरी तयारी ती हीच.

पूर्तताराव स्वस्थ बसले होते असे मात्र नव्हे. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची नवी फाईल काढली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'विषय – कुक्कुटपिल्ले (संख्या सहा) यांचे संगोपन.' पान एकवर अनुक्रमणिका. पान दोनवर पिल्लांची रंगवार यादी. पान तीनवर खोक्याची लांबी, रुंदी, उंची आणि आकृती. पान चारवर खाद्याचे वेळापत्रक, त्यात दुपारी एक ते दोन मधली सुट्टी. दिवेलागणीपर्यंत फाईल इतकी देखणी झाली, की तिच्याकडे पाहणाऱ्याला आता पिल्लांची गरजच काय, असे वाटावे.

शेजारी अशा वेळी येतातच. तळमजल्यावरच्या मावशी प्रथम आल्या.

"आमच्याकडे एके काळी चाळीस होती. काही नाही हो, टोपलीखाली झाकायची."

"मग जगली का सगळी?" मुलीने विचारले.

"ते काही आठवत नाही बाई," मावशी म्हणाल्या आणि खोक्यात एक कौतुकाचे बोट घालून गेल्या.

समोरच्या दारात वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर राहत. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचे मत तयार असे, आणि विषय जितका अपरिचित तितके ते मत ठाम. "बल्ब लावा," ते म्हणाले. "त्यामागे शास्त्र आहे."

"कोणता लावू?"

"बल्ब म्हणजे बल्ब हो! त्यात कोणता काय?"

परंतु पूर्तताराव हलकी वस्तू घरात आणणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुकानातला सर्वांत उत्तम बल्ब आणला. पांढराशुभ्र, पाच तारे मिरवणारा, विजेची बचत करणारा. वेष्टनावर कंपनीने लेखी हमी दिली होती: 'दीर्घकाळ वापरूनही तापत नाही.' इतकी स्पष्ट हमी त्यांना त्यांच्या कचेरीतही क्वचितच मिळे. त्यांनी वेष्टन कापून पान पाचवर डकवले, बल्ब खोक्यावर टांगला आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने झोपी गेले.

सकाळी खोक्यात लख्ख उजेड होता आणि दोन पिल्ले मेलेली होती. उरलेली चार त्या झगझगीत वर्तुळाच्या मध्यभागी एकमेकांच्या अंगात डोकी खुपसून थरथरत होती. मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारले, "बाबा, तुम्ही तयारी केली होती ना?"

"पाच पानं," पूर्तताराव म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना पानांची संख्या सांगताना अवघडल्यासारखे झाले.

इंजिनिअर पाहणीला आले. "बल्ब चालू होता ना? मग थंडीचा प्रश्नच मिटला. तुमची पिल्लंच मुळात कच्ची." आपला सल्ला निर्दोष आणि मेलेले दोषी, असा निकाल देऊन ते पेपर वाचायला गेले. मोठमोठ्या चौकशी समित्यांना जे करायला वर्ष लागते, ते त्यांनी चपला न काढता केले.

सोमवारी एक पिल्लू पाण्याच्या वाडग्यात बुडाले. वाडगा काचेचा होता, पाहुण्यांसाठी राखलेला, बराच खोल. पूर्ततारावांनी उत्तमातली उत्तम वस्तू दिली होती, याबद्दल दुमत नसावे. मंगळवारी पहाटे आणखी दोन गेली. 'मृत्यूचे कारण' हा रकाना त्यांनी फाईलमध्ये आखला आणि पेन उघडून बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत बसले.

राहिले एकच; सर्वांत लहान, नारिंगी. पंख पाठीशी घेऊन, मान किंचित कलती ठेवून ते खोक्यातून फेऱ्या मारी, म्हणून मुलीने त्याला वडिलांच्या वरिष्ठांची पदवी दिली होती. ते होते 'मोठे साहेब'. मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांनी फेऱ्या थांबवल्या, पंख पाडले आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा, हे पण जाणार?"

पूर्ततारावांनी सव्वीस वर्षांत सतरावी रजा काढली, फाईल घेतली, पिल्लू पिशवीत ठेवले आणि मुलीसह जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला.

खिडकीमागे एक कारकून होता. त्याच्या चेहऱ्यावर पूर्ततारावांना आपल्या तारुण्याची छटा दिसली.

"प्राणी कोणता?"

"कोंबडीचं पिल्लू."

"आमच्याकडे गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि इतर. तुमचं इतर. इतरला परवाना विभागाचं ना-हरकत लागतं."

"पिल्लू मरायला टेकलंय हो."

"मी कुठं नाही म्हणतोय? पण परिपत्रक आहे." त्याने काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केले.

पूर्ततारावांनी चष्मा सावरला. मजकूर वाचण्याआधीच त्यांनी खालची सही ओळखली. सही सुंदर होती. शेवटच्या अक्षराला दिलेला तो वळसा साऱ्या कचेरीत दुसऱ्या कुणाला जमत नसे.

"ही सही माझी आहे."

"मग काय, घरचंच कार्य. ना-हरकत लिहा, सही ठोका."

"आज मी रजेवर आहे."

"मग हजर व्हा."

"हजर झालो तरी स्वतःच्या प्रकरणात स्वतःला सही करता येत नाही."

"असं कोणी ठरवलं?"

"मीच. परिच्छेद चार."

कारकुनाने परिच्छेद चार वाचला. त्याच्या नजरेत निखळ आदर उमटला. "फार विचार करून केलंय हो. कुठूनच निसटता येत नाही." मग खिडकीची फळी ओढत तो अगदी शांतपणे, आशीर्वाद दिल्यासारखा म्हणाला, "पूर्तता करून या."

हे शब्द पूर्ततारावांनी हजारो वेळा उच्चारले होते. ऐकले प्रथमच. करणी तशी भरणी ही म्हण त्यांना पाठ होती. तिची प्रत पोचायला इतकी वर्षे लागतील, याची कल्पना नव्हती.

"बाबा," मुलगी पिशवीत डोकावत म्हणाली, "ते हलत नाहीये."

पूर्ततारावांनी पिशवीत हात घातला. रविवारपासून त्यांनी त्या पिल्लाची नोंद केली होती, त्याचे खोके मोजले होते, त्याच्या जेवणाची वेळ ठरवली होती. त्याला हात मात्र आत्ता लावला. ते ओल्या कापसासारखे होते, आणि त्याचे पाय गार पडले होते. काय करावे हे त्यांना कळेना. मुलीला कळले. तिने त्यांच्या सदऱ्याची दोन बटणे काढली, पिल्लू बनियनच्या आत छातीशी ठेवले आणि बटणे पुन्हा लावून टाकली.

मग शेळ्या, कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्या रांगेत परवाना विभागाचे मुख्य लिपिक एका हातात निळी फाईल आणि दुसरा हात काळजावर, असे उभे राहिले. एका शेळीने फाईलचा कोपरा खाल्ला. त्यांनी हूं की चूं केले नाही. पाच मिनिटे गेली. दहा गेली. आणि मग सदऱ्यातून अगदी बारीक, कुणी जुनी कडी सरकवावी तसा आवाज आला: "चिव."

आतून पशुवैद्य बाई चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या होत्या. "कोण बोललं?"

"मोठे साहेब," मुलगी म्हणाली.

बाईंनी पूर्ततारावांकडे काहीशा काळजीने पाहिले. "यांना काय होतंय?"

"हे नाही. यांच्या आतले."

प्रकरण उलगडल्यावर बाईंनी विचारले, "पिल्लं आणायच्या आधी काय तयारी केली होती?"

हा प्रश्न पूर्ततारावांनी इतरांना आयुष्यभर विचारला होता. आता त्यांनी उरल्यासुरल्या प्रतिष्ठेनिशी फाईल पुढे केली. बाईंनी प्रत्येक पान उलटले.

"अनुक्रमणिका छान आहे," त्या म्हणाल्या. "यात ऊब कुठं आहे?"

"पान पाच. बल्ब."

बाईंनी पान पाच वाचले. "तापत नाही, अशी हमी दिलीय. कंपनीनं शब्द पाळलाय." त्यांनी फाईल मिटली. "जुना पिवळा बल्ब लावा, हात धरवणार नाही असा तापणारा. पिल्लाला जवळ जाता येईल आणि लांबही होता येईल एवढी जागा ठेवा. पाणी उथळ बशीत, बशीत खडे. दाणे भरडून. झालं! पाच मिनिटांचं ज्ञान आहे हे. विकणाऱ्यानं सांगितलं असतं किंवा घेणाऱ्यानं विचारलं असतं, तर पाच पिल्लं मेली नसती."

"आणि आत्ता? घरी पोचेपर्यंत?"

"आत्ता आहे तिथंच राहू द्या. तुमच्याकडे कामाची जागा तेवढीच दिसतेय."

मोठे साहेब जगले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फेऱ्या सुरू केल्या, आणि त्याच संध्याकाळी पूर्ततारावांनी एक मसुदा लिहायला घेतला: कोंबडीची पिल्ले विकत घेणाऱ्याने किमान तयारी दाखवल्याशिवाय त्याला पिल्ले देऊ नयेत. ऊब कशी देणार? पाणी कशातून? खायला काय? मोठी झाल्यावर, आणि त्यातला एखादा कोंबडा निघाल्यावर, काय करणार? चार प्रश्न, अर्धे पान. विकणाऱ्याने तोंडी विचारायचे, उत्तर आले नाही तर टोपली झाकायची.

पत्नीने कागद दोनदा वाचला. "जोडपत्र कुठाय?"

"नाही."

"तीन प्रतींत?"

"नाही."

तिने उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मसुदा नगरपालिकेच्या सभेपुढे आला तेव्हा खरे मोठे साहेब, म्हणजे पंख नसलेले, अध्यक्षस्थानी होते. एका सदस्याने नागरिकाच्या खासगी जीवनात ढवळाढवळ नको म्हणून हरकत घेतली. "आपण आपली मुलं जन्माला घातली तेव्हा कुणी तयारी विचारली होती का?" असा त्याचा सवाल होता. सारी सभा हसली. हा मुद्दा आपल्याच विरुद्ध जातो, हे ना सदस्याच्या लक्षात आले, ना हसणाऱ्यांच्या.

"कल्पना चांगली आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण हा पहिला प्रश्न. ऊब म्हणजे नेमकं काय?"

"गरम वाटणं, साहेब."

"कुणाला?"

"पिल्लाला."

"ते प्रमाणित कोण करणार? उबेची साक्षांकित प्रत जोडता येते का?"

"नाही, साहेब."

"मग ती नियमात कशी बसवायची? तुम्हीच सांगा. तुमच्याकडूनच आम्ही हे शिकलो."

छातीशी हात नेऊन 'इथे' असे म्हणावे, इतकेच पूर्ततारावांना सुचले. परंतु इतिवृत्तात तशी नोंद घेण्याची सोय नव्हती.

नियम एकमताने संमत झाला. अर्ध्या पानाची अकरा पाने झाली. खरेदीदाराची दोन छायाचित्रे, खोक्याचे एक, घरपट्टीची पावती, रहिवासाचा दाखला. आणि उबेच्या जागी, विद्युत तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, असा रकाना आला: 'प्रकाशाची पुरेशी सोय आहे / नाही.' खाली पूर्ततारावांची सही छापण्यात आली, त्या सुप्रसिद्ध वळशासह.

दरम्यान घरच्या मोठ्या साहेबांचा नारिंगी रंग झडला, डोक्यावर तुरा आला, आणि एका पहाटे त्यांनी शपथेवर दिलेले विधान साऱ्या इमारतीसमोर खोटे ठरवले. इंजिनिअर दार ठोठावत आले. "याला बंद करायचं बटण कुठं आहे?" मावशींनी पुन्हा टोपलीखाली झाकायला सांगितले. पूर्ततारावांनी न्हाणीघरात टोपलीखाली झाकलेही. फरशीच्या भिंतींनी आवाज दुप्पट करून परत दिला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे वाडवडील सांगून गेले आहेत. ते तांबडे फुटल्याचे चार मजल्यांना कळते, हे सांगायचे मात्र राहून गेले.

पुढल्या एका रविवारी पूर्तताराव मुलीसह पुन्हा बाजारात गेले. पिवळे बल्ब हल्ली दुर्मीळ झाले होते. मिळतील तितके घेऊन ठेवावेत म्हणून. चार बल्ब त्यांच्या कापडी पिशवीत होते. घड्याळवाला आणि बादल्यावाला यांच्या मध्ये टोपली होतीच. शेजारी आता कागदांचा एक गठ्ठाही होता.

"या साहेब!" पिल्लेवाला उठून उभा राहिला. "तुमच्यामुळे धंद्याला शिस्त आली. फॉर्म आम्हीच भरून ठेवतो. गिऱ्हाईकानं फक्त अंगठा लावायचा."

पूर्ततारावांनी वरचा फॉर्म उचलला. खोक्याचे छायाचित्र एकच होते, सर्व प्रतींवर तेच. प्रकाशाची पुरेशी सोय: आहे. खाली त्यांची सही.

एक गृहस्थ लहान मुलीला कडेवर घेऊन आठ पिल्ले निवडत होता. त्याने कागदाकडे न पाहता अंगठा उठवला.

"पिशवी आहे का?" पिल्लेवाल्याने विचारले.

"अरेच्चा, पिशवी राहिली की."

"साहेब, तुमची द्या ना जरा."

"देणार नाही," पूर्तताराव म्हणाले. सव्वीस वर्षांत योग्य कारणासाठी दिलेला हा त्यांचा पहिला नकार होता. ते त्या गृहस्थाकडे वळले. "आधी सांगा, घरी बल्ब कोणता आहे?"

"तुम्ही कोण?"

"हा फॉर्म मी केलाय."

गृहस्थाने प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे पाटीमागच्या भिंतीचा दाखला मागणारे ते तुम्हीच?" त्याच्या बोटांवर, आता पूर्ततारावांना दिसले, कात्रीच्या खुणा होत्या. "माझं दुकान पडलं हो त्यात. आता काय पिल्लांनाही दाखला लावता?"

बादल्यावाल्याने एक प्लास्टिकची पिशवी फुकट दिली. आठ पिल्ले तिच्यात गेली. न्हावी पाठ फिरवून ताडताड चालू लागला, आणि त्याच्या खांद्यावरून ती लहान मुलगी पिशवीकडे पाहून टाळ्या पिटत होती.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ते गेले."

मग ज्यांच्या मागे सारे गाव सव्वीस वर्षे हेलपाटे घालीत होते, ते गृहस्थ भर बाजारात एका अर्जदाराच्या मागे धावत सुटले. चष्मा नाकावर घसरला होता, पिशवी काखेत होती आणि उंच धरलेल्या हातात एक जुना पिवळा बल्ब होता.

"अहो, थांबा! कागद नको! काही नको! एवढा फक्त घेऊन जा हो!"

न्हाव्याने वळून पाहिले आणि आपला वेग वाढवला. परवाना विभागाचा माणूस मागे लागला, की थांबायचे नसते, एवढी पूर्वतयारी त्याची पक्की झाली होती.